गाडीत ‘ब्लूटूथ’ आहे म्हणतात. पण आहे का?



मालवण तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र लांबलचक असल्याने ते थोडक्यात देतो.

‘‘माझे यजमान रंगकामाची कामे घेतात. मालवण, तारकर्ली, देवबाग या बाजूला राहण्या-जेवणाची सोय करणारी घरे वाढली, तशी कामेही वाढली. आजपर्यंत रंगाचे डबे मोटारसायकलला बांधून न्यायचे. आता घरासाठी एक जुनी चारचाकी घ्यायचे ठरवले आहे. सासूबाईंना दर महिन्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागते, तीही सोय होईल. थोडे पैसे साठवले आहेत, थोडे बचत गटातून उचलणार. कुडाळला एक २०११ सालची गाडी पाहिली. विकणारे गृहस्थ म्हणतात, गाडीत कंपनीचे ब्लूटूथ आहे, म्हणून दहा हजार जास्त. हे खरे की खोटे, आम्हाला कसे कळावे? आणि खरे सांगायचे तर दहा हजारांपेक्षा मला दुसरीच काळजी आहे. यांना कामाचे फोन सारखे येतात. मोटारसायकलवर हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये फोन खुपसून बोलतात. धामापूरच्या वळणावरसुद्धा! ब्लूटूथ असले की हात मोकळे राहतील, मग धोका नाही, असे मुलगा म्हणतो. तेही खरे का?’’

एका पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला पैशाचा, दुसरा जिवाचा. दोन्हींचे उत्तर नीट द्यायला हवे. शिवाय हा प्रश्न या एकाच घरचा नाही. मुंबईहून भाऊ जुनी गाडी गावी पाठवतो, कोणी गोव्याहून आणतो, कोणी कणकवली-सावंतवाडीच्या बाजारात घेतो. नवी गाडी घेण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची. जुनी घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे; पण तपासायचे कसे, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

ब्लूटूथ म्हणजे काय?

आधी हे समजून घेऊ. ब्लूटूथ म्हणजे तारेशिवाय दोन यंत्रांना जोडणारी, थोड्या अंतरापुरती रेडिओ लहर. साधारण दहा मीटरच्या आत ती काम करते. फोनमध्ये एक लहानसा प्रक्षेपक असतो, तसाच गाडीच्या म्युझिक सिस्टिममध्ये असतो. दोघांची एकदा ओळख करून दिली, म्हणजे फोनवरचे बोलणे गाडीच्या स्पीकरमधून ऐकू येते आणि आपला आवाज गाडीतल्या लहान माईकमधून पलीकडे जातो. या जोडणीला इंटरनेटचे पॅक लागत नाही. साध्या बटणांच्या पुष्कळशा फोनमध्येही ही सोय असते, त्यामुळे महागडा फोनच हवा असे नाही.

नावही गमतीचे आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचे टोपणनाव ‘निळ्या दाताचा’ असे होते. विखुरलेल्या टोळ्या त्याने एकत्र आणल्या, तशी ही लहर वेगवेगळी यंत्रे एकत्र आणील, या कल्पनेने ते नाव ठेवले गेले. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास यावर काम सुरू झाले आणि १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून त्याची समाईक संघटना स्थापन केली. निळ्या पार्श्वभूमीवर टोकदार इंग्रजी ‘बी’सारखी जी खूण दिसते, ती त्या राजाच्या नावातील दोन जुनी अक्षरे एकमेकांवर ठेवून केलेली आहे. ती खूण लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

यावरून एक गोष्ट आपोआप कळते. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली, तेव्हा ब्लूटूथ जगात नव्हतेच. विसाव्या शतकातील कुठल्याही गाडीत ते कारखान्यातून बसवलेले असणे शक्य नाही. आपल्याकडे लहान गाड्यांत ही सोय २०१० च्या आसपास दिसू लागली. त्या साली आलेल्या फोर्ड फिगोच्या वरच्या प्रकारात ती होती. ‘वरच्या प्रकारात’ हे शब्द महत्त्वाचे. एकाच नावाची, एकाच सालची गाडी कंपनी तीन-चार प्रकारांत विकते. खालच्या प्रकारात कधीकधी साधा रेडिओही नसतो, आणि वरच्यात सगळे असते. म्हणून ‘आमच्या साडूच्या गाडीत आहे, म्हणजे याही गाडीत असणार’ हा हिशेब चुकतो. नुसते साल पाहून किंवा नुसते नाव पाहून निकाल लागत नाही.

डोळ्यांनी काय पाहावे?

गाडीत चालकाच्या जागी बसा. घाई करू नका. प्रथम म्युझिक सिस्टिमच्या तोंडावर पाहा. वर सांगितलेली खूण आहे का? फोनच्या रिसीव्हरचे चित्र असलेले बटण आहे का? ‘बीटी’ अशी दोन इंग्रजी अक्षरे आहेत का? मग स्टीअरिंगवर पाहा. फोन उचलण्याचे आणि ठेवण्याचे चित्र असलेली बटणे असली तर ती चांगली खूण आहे. मात्र आवाज कमी-जास्त करण्याची आणि गाणे बदलण्याची बटणे म्हणजे ब्लूटूथ नव्हे. पुष्कळ जुन्या गाड्यांत स्टीअरिंगवर गाण्याची बटणे आहेत, पण फोनची सोय नाही. काही ठिकाणी बटणाच्या जागी नुसते कोरे प्लॅस्टिक असते. ती वरच्या प्रकारातील बटणाची बुजवलेली जागा. तिला दाबून काही होत नाही.

त्यानंतर माईक शोधा. तो बहुधा छतावरच्या दिव्याजवळ, मागचे पाहण्याच्या आरशापाशी किंवा स्टीअरिंगच्या मागे असतो. बारीक भोकांची एक छोटी जाळी दिसते. बोलण्याची सोय कंपनीने दिली असेल, तर माईक कुठेतरी असणारच.

मग किल्ली फिरवून सिस्टिम सुरू करा आणि ‘सोर्स’ किंवा ‘मोड’चे बटण एकेकदा दाबत जा. रेडिओ, सीडी, यूएसबी, ऑक्स अशी नावे एकामागून एक येतील. त्यात ‘बीटी ऑडिओ’ किंवा ‘फोन’ आले तर सोय आहे. यूएसबीचे भोक आहे, पेन ड्राइव्हवर गाणी लागतात, म्हणून ब्लूटूथ आहे असे होत नाही. ऑक्सचे गोल भोक हेही वेगळे. त्यात तार घालावी लागते.

फोन जोडून कसे पाहावे?

खरी परीक्षा ही. गाडी उभी करून हँडब्रेक ओढा. कारण काही सिस्टिम गाडी चालू असताना नवा फोन जोडूच देत नाहीत. सिस्टिमच्या फोनच्या किंवा सेटिंगच्या यादीत ‘पेअर’ हा शब्द शोधा व तो दाबा. मग आपल्या फोनमधील ब्लूटूथ सुरू करून नवीन यंत्र शोधायला सांगा. यादीत गाडीचे किंवा सिस्टिमचे नाव आले की त्यावर बोट ठेवा. चार आकडी सांकेतिक अंक मागितला तर जुन्या सिस्टिममध्ये तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. काही ठिकाणी दोन्ही पडद्यांवर सारखाच आकडा दिसतो; तो जुळला की ‘हो’ म्हणायचे. शोधण्याची मुदत काही मिनिटांचीच असते, ती संपली तर पुन्हा पहिल्यापासून करावे. यादीत शेजारच्या घरातील टीव्ही किंवा कोणाच्या कानातले यंत्रही दिसेल. त्याला गाडी समजू नका.

फोन जोडला जात नसेल तर लगेच निराश होऊ नका. सिस्टिम ठराविक संख्येचेच फोन लक्षात ठेवते. आधीच्या मालकाचे फोन तिच्यात भरलेले असतील तर नवा घेत नाही. जुनी नावे काढून टाका आणि पुन्हा करून पाहा. ती नावे काढणे दुसऱ्या कारणानेही आवश्यक आहे. फोन जोडल्यावर पुष्कळ सिस्टिम आपले सगळे नंबर उतरवून घेतात. म्हणून स्वतःची गाडी विकतानाही आपली नावे व नंबर पुसल्याशिवाय किल्ली देऊ नका. घरच्या लेकी-सुनांचे नंबर परक्याच्या गाडीत राहू नयेत.

जोडणी झाली तरी परीक्षा संपली नाही. ब्लूटूथची दोन कामे वेगवेगळी आहेत, एक बोलण्याचे, दुसरे गाण्याचे. सुरुवातीच्या पुष्कळ गाड्यांत फक्त बोलण्याची सोय होती. त्यात फोनवरचे गाणे वाजत नाही. ही नादुरुस्ती नव्हे, सोयच तेवढी. म्हणून दोन्ही करून पाहा. घरी फोन लावा. पलीकडचा आवाज स्पीकरमधून येतो का ते ऐका आणि आपला आवाज तिकडे स्पष्ट जातो का ते विचारा. खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आपल्या किनाऱ्यावर तारांच्या जोडांना हिरवी बुरशी धरते. सिस्टिम दिसायला ठीक असते, पण माईक मुका झालेला असतो.

हातात आलेले ‘कंपनीचे ब्लूटूथ’

आता त्या कुडाळच्या गाडीची हकिगत. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या यजमानांनी ‘तुम्हीच या’ असा आग्रह धरला, म्हणून एका रविवारी ओळखीच्या वायरमनला घेऊन गेलो. विकणाऱ्या गृहस्थांनी मोठ्या उत्साहाने किल्ली फिरवली, फोनवर बोट ठेवले आणि गाडीत गाणे सुरू झाले. ‘‘बघा, गाडयेत ब्लूटूथ आसा! माका खोटा बोलाची सवय नाय,’’ असे ते म्हणाले. यजमानांचा चेहरा खुलला. ते पैशाची पिशवी चाचपू लागले.

आमच्या वायरमनने मात्र गाण्याकडे लक्ष न देता सिगारेट पेटवण्याच्या भोकाकडे पाहिले. त्यात अंगठ्याएवढे एक यंत्र होते, निळा दिवा लुकलुकत होता. त्याने ते उपसले. गाणे थांबले आणि रेडिओची खरखर ऐकू येऊ लागली. ‘कंपनीचे ब्लूटूथ’ त्याच्या हातात आले होते!

हे यंत्र म्हणजे एफएम ट्रान्समीटर. ते फोनकडून गाणे ब्लूटूथने घेते आणि गाडीच्या रेडिओला एफएम लहरीवर देते. यंत्र वाईट नाही. पण ते बाजारात काही शे रुपयांना मिळते आणि गाडीचा भाग नसते. त्याचे दहा हजार कोणी का द्यावे? ध्यानात ठेवा, परीक्षा घेताना सिगारेटच्या भोकातील, यूएसबीतील आणि ऑक्समधील सगळे काढून ठेवायला सांगा. त्यानंतर जे चालते, तेच गाडीचे.

गृहस्थ जरा ओशाळले. कदाचित त्यांनाही आधीच्या मालकाने तसेच सांगितले असेल. आम्ही वाद घातला नाही. गाडीचे आरसी पुस्तक मागितले. त्यात गाडी बनल्याचा महिना व साल असते, मॉडेलचे नाव असते आणि सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबरही असतो. तो नंबर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिला की गाडी कुठल्या प्रकारची म्हणून कारखान्यातून निघाली, हे कळू शकते. दुसऱ्या दिवशी यजमानांनी तसे विचारून घेतले. उत्तर आले, मधला प्रकार, फोनची सोय नाही. गाडीसोबत मिळालेले माहितीपुस्तक असेल तर तेही पाहावे. मात्र त्यात सगळ्या प्रकारांची माहिती एकत्र असते. ‘काही प्रकारांतच’ अशी बारीक टीप तेथे असते, ती वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नये.

दहा हजार अर्थातच कमी झाले. वायरमनने गाडीखाली वाकून पत्रा पाहिला, टायर पाहिले, ब्रेक दाबून पाहिले. किनाऱ्यावरच्या गाडीत गाणे वाजते का, यापेक्षा खालचा पत्रा गंजला आहे का, हे आधी पाहायचे असते. वाचलेल्या पैशांतून पुढचे दोन टायर नवे घातले.

नसेल तर काय करावे?

जुन्या गाडीत ब्लूटूथ नसले म्हणून गाडी टाकाऊ ठरत नाही. ऑक्सचे भोक असेल तर त्यात लावायचे लहान ब्लूटूथ यंत्र मिळते. एफएम ट्रान्समीटरपेक्षा त्याचा आवाज स्वच्छ असतो. दोन्ही नको असतील तर पूर्ण सिस्टिमच बदलता येते. बहुतेक जुन्या गाड्यांत सिस्टिमची जागा ठराविक मापाची असते, एकपट किंवा दुप्पट उंचीची, त्यामुळे त्याच मापाची दुसरी सिस्टिम बसते. यास काही हजार रुपये लागतात. बसवणाऱ्याला एकच गोष्ट बजावून सांगा, मूळ तारा कापायच्या नाहीत; गाडीच्या मापाचा जोड घालूनच बसवायची. कापलेल्या तारांवर चिकटपट्टी गुंडाळलेली असली की एखाद्या पावसाळ्यात त्यात ओल शिरते, मग फ्यूज उडतो, कधी तार तापते. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर तेथील तारांना जाणकाराशिवाय कोणालाही हात लावू देऊ नये.

आता दुसरा प्रश्न

हात मोकळे राहिले म्हणजे धोका टळला का? या भगिनीच्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर फोन हातात धरून गाडी चालवणे हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा स्पष्ट उल्लेख झाला. धोकादायक रीतीने गाडी चालवल्याबद्दल या कलमात पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. २०२० च्या नियमाने हातातील यंत्राला फक्त रस्ता पाहण्यापुरती सवलत दिली, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तेव्हा हात मोकळे ठेवणे हे बरे, यात शंका नाही.

परंतु गाडी हाताने चालते तशी डोक्यानेही चालते. कॅनडातील टोरांटो शहरात रेडेलमायर आणि तिब्शिरानी या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. १९९७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. कारण उघड आहे. ‘पैसे कधी देणार?’ असा फोन आला की डोळे रस्त्यावर असतात, पण मन त्या माणसाशी भांडत असते.

साधा हिशेब करा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला अकरा मीटर जाते. कोणाचा फोन हे पाहायला तीन सेकंद नजर खाली गेली, तर गाडी तेहतीस मीटर आंधळी धावते. कुडाळहून धामापूरमार्गे मालवणला येणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा. तेहतीस मीटरांत एखादे वळण येते, गुरे येतात, शाळेतून सुटलेली पोरे येतात. ती पोरे कोणाची? आपलीच.

म्हणून ब्लूटूथ असो वा नसो, नियम एकच ठेवा. गाडी चालू असताना फोन गप्प असावा. बऱ्याच फोनमध्ये ‘मी गाडी चालवत आहे, नंतर फोन करतो’ असा संदेश आपोआप जाण्याची सोय असते. ती सुरू करून घ्या. शेजारी कोणी बसले असेल तर त्याने फोन घ्यावा. अगदीच महत्त्वाचा असला तर रुंद जागा पाहून, गाडी बाजूला लावून बोलावे. ब्लूटूथ असलेच तर ते ‘थांब, गाडी लावतो’ एवढे चार शब्द बोलण्यापुरते वापरावे. काम देणारा मालक पाच मिनिटे थांबतो. थांबला नाही तर असे एक काम गेले तरी चालेल.

परवा त्या भगिनीचे दुसरे पत्र आले. गाडी घरी आली आहे. सासूबाई पहिल्यांदाच एसटीची वाट न पाहता ओरोसला जाऊन आल्या. वाटेत चौक्याजवळ फोन वाजला. यजमानांचा हात खिशाकडे गेला. मागच्या सीटवरून म्हातारी म्हणाली, ‘‘रे झिला, आधी गाडी लाव. फोन खंय पळान जाणा नाय.’’ त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरून फोन केला. एका घराच्या रंगाचे काम होते. ते मिळालेही.

विकणाऱ्याने सांगितले म्हणून मानू नका, मुलगा म्हणतो म्हणूनही मानू नका. स्वतः पाहा, जोडून पाहा, काढून पाहा, आणि मगच खिशात हात घाला.